भोक आमचे, प्रोग्रॅम कोणाचा?



या पानावर आम्ही वेतन आयोग, पेन्शन, रिक्त जागा आणि बदल्या यांवर पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहावे लागणार आहे. यावेळी मात्र एका भोकाविषयी लिहायचे आहे. दहा मिलिमीटर व्यासाचे, एकशेवीस मिलिमीटर खोल, पोलादात पाडायचे भोक. टपाल खात्यातील साथींना वाटेल की हा वर्कशॉपवाल्यांचा घरचा प्रश्न आहे, आपला काय संबंध? त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे. काउंटरवर आणि सॉर्टिंगच्या टेबलावर जे चालले आहे तेच इथे वेगळ्या कपड्यांत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका साथीला एस.एफ. ११ मिळाला. पंचवीस वर्षे रेडियल ड्रिलवर उभा राहिलेला मशीनिस्ट. शॉपमध्ये नवीन सी.एन.सी. मिलिंग मशीन आले तेव्हा सिनिऑरिटीने त्याला त्यावर घेतले. पुरवठादाराचा इंजिनिअर आठ दिवस राहिला, प्रोग्रॅम भरले, दोन जॉब काढून दाखवले, चहापाणी झाले, फोटो निघाले. जाताना त्याने पॅनेलवरची मेमरीची चावी फिरवली आणि ती चावी साहेबांच्या टेबलाच्या खणात गेली. म्हणजे मशीन चालवायचे आमच्या माणसाने, पण त्यातला एक आकडाही बदलायचा नाही.

तिसऱ्या जॉबच्या नवव्या भोकात ड्रिल मोडले. तुकडा आत अडकला, जॉब भंगारात गेला. आदल्या दोन दिवसांत या साथीने सुपरवायझरला दोनदा सांगितले होते, "साहेब, खाली गेल्यावर आवाज बदलतोय, कीस बाहेर येत नाही." उत्तर मिळाले, "प्रोग्रॅम कंपनीने केलाय, तुम्ही फक्त हिरवे बटण दाबा." आणि चार्जशीटमध्ये लिहिले होते : कामातील निष्काळजीपणामुळे रेल्वेच्या मालमत्तेचे नुकसान.

उत्तराला दहा दिवस. उत्तर लिहायचे आम्ही. आम्ही मॅट्रिक, अप्रेंटिस होऊन लागलो, हातात फाईल आणि हातोडा या दोन गोष्टी कळतात. पुढे युनियनच्या कामात कागदही कळू लागले. पण जी ८३ म्हणजे काय हे आम्हांस ठाऊक नव्हते. कॅन्टीनमध्ये रजेच्या फॉर्मच्या पाठीमागे त्या साथीने आम्हांला ते शिकवले. जे शिकलो ते थोडक्यात मांडतो, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे हवेत जाईल.

साध्या ड्रिलिंगला, म्हणजे भोक ड्रिलच्या व्यासाच्या अडीच-तीन पट खोल असेल तोवर, काही वाटत नाही. ड्रिल सरळ खाली गेले, सरळ वर आले. मशीनच्या भाषेत तो जी ८१. पण खोली व्यासाच्या पाच पट, दहा पट झाली की दुखणे सुरू होते. ड्रिलच्या टोकाशी निघालेला कीस ड्रिलच्या खाचांमधून एवढी चढण चढून वर येऊ शकत नाही. खाचा भरतात, कूलंट टोकापर्यंत पोहोचत नाही, टोक तापते, ड्रिल आवळले जाते आणि मोडते. हाताने रेडियल ड्रिल चालवणारा माणूस काय करतो? हँडल थोडे दाबतो, वर घेतो, कीस झटकतो, तेल सोडतो, पुन्हा उतरतो. किती दाबायचे हे त्याला हँडल सांगते.

हेच मशीनकडून करवून घेण्याला इंग्रजीत पेक ड्रिलिंग म्हणतात. चिमणी दाण्याला टोचा मारते तसे. त्याचे दोन प्रकार मुख्य आहेत. जी ७३ मध्ये ड्रिल एक टोचा मारते, केसभर मागे सरकते, पुन्हा पुढे जाते. त्याने कीस तुटतो, पण भोकाच्या बाहेर येत नाही. जी ८३ मध्ये प्रत्येक टोच्यानंतर ड्रिल पूर्ण वर, भोकाच्या तोंडाबाहेर येते, कीस टाकते, वेगाने पुन्हा आत जाते, आधीच्या तळाच्या जरा अलीकडे थांबते आणि तिथून पुढचा टोचा मारते. ओळ अशी असते : जी ९८ जी ८३ एक्स ४० वाय २५ झेड वजा १२३ आर २ क्यू ५ एफ १२०. एक्स आणि वाय म्हणजे भोकाचा पत्ता. झेड म्हणजे तळ. एकशेवीसचे एकशेतेवीस का, तर ड्रिलचे टोक निमुळते असते आणि नेहमीच्या ११८ अंशाच्या धारेला व्यासाच्या सुमारे तीन दशांश एवढी लांबी टोकात जाते. आर म्हणजे कामाच्या दोन मिलिमीटर वरची जागा, जिथून वेग सोडून कापायला लागायचे. एफ म्हणजे मिनिटाला किती मिलिमीटर उतरायचे. आणि क्यू म्हणजे एका टोच्याची खोली.

टपालवाल्या साथींसाठी एक गोष्ट सांगतो. ही ओळ एकदा दिली की पुढच्या ओळीत नुसता पत्ता द्यायचा. मशीन त्या पत्त्यावर जाऊन तेच काम करते. बीटवर निघालेल्या पोस्टमनला प्रत्येक दाराशी नव्याने सांगावे लागत नाही तसेच. जी ८० म्हणेपर्यंत हे चालू राहते. जी ८० लिहायचे राहिले आणि पुढे नुसता पत्ता आला, तर नको त्या ठिकाणी भोक पडते. जी ९८ च्या जागी जी ९९ असेल तर एका भोकावरून दुसऱ्यावर जाताना ड्रिल फक्त आरपर्यंत, म्हणजे कामापासून दोन मिलिमीटरवर वर येते. मध्ये क्लॅम्प असेल तर त्यावर आदळणारच. टिंबाचे तर विचारूच नका. काही कंट्रोलवर पाचच्या पुढे टिंब दिले नाही तर मशीन ते पाच मिलिमीटर न समजता पाच मायक्रॉन समजते. पासबुकात टिंब चुकले तर शंभराचे दहा हजार होतात, तेवढाच हा प्रकार गंभीर आहे.

आता आमच्या साथीच्या जॉबकडे वळतो. त्या प्रोग्रॅममध्ये क्यू पंचवीस होता. दहा मिलिमीटरच्या साध्या हायस्पीड ड्रिलला, बाहेरून सोडलेल्या कूलंटवर, एका टोच्यात पंचवीस मिलिमीटर. पहिल्या टोच्याला ते चालून गेले असते. शंभराच्या खाली ते ड्रिलचा गळा दाबणेच होते. साथीचे म्हणणे होते की क्यू पाच तरी करा. नाही तर वर पंधरा-वीस आणि खाली जाताना कमी कमी करत पाच. फॅनक पद्धतीच्या जी ८३ ला क्यू एकच असतो, तो तळापर्यंत बदलत नाही. पण मॅक्रो लिहून कमी होत जाणारा टोचा देता येतो, आणि काही इतर कंट्रोलवर त्यासाठी वेगळा आकडा तयारच असतो.

मग क्यू पंचवीस का ठेवला? इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर दहाच्या ड्रिलला सुमारे ८०० फेरे येतात. फेऱ्याला ०.१५ मिलिमीटर उतरायचे म्हटले की मिनिटाला १२० मिलिमीटर झाले. आरपासून तळापर्यंत १२५ मिलिमीटर कापायला साधारण ६२ सेकंद. हा वेळ क्यू काहीही असला तरी तेवढाच. फरक पडतो तो वर-खाली करण्यात. क्यू पंचवीस असेल तर पाच टोचे, आणि एकूण रिकामी ये-जा ६२५ मिलिमीटर. क्यू पाच असेल तर पंचवीस टोचे, आणि ये-जा ३१२५ मिलिमीटर. मशीनचा रिकामा वेग मिनिटाला दहा मीटर धरला तर फरक पंधरा सेकंदांचा येतो. एका जॉबला अशी सोळा भोके, म्हणजे चार मिनिटे.

या चार मिनिटांसाठी ड्रिल मोडले. आणि ही चार मिनिटे कुठे जातात हे इन्सेंटिव्हवर काम करणाऱ्या प्रत्येक साथीला माहीत आहे. रेट फिक्सर येतो, घड्याळ लावतो, प्रोग्रॅमचा वेळ बघतो आणि तोच जॉबचा अलाउड टाइम होतो. पुरवठादाराला प्रात्यक्षिकात मशीन वेगवान दाखवायचे असते, म्हणून क्यू मोठा. त्या वेळेवर रेट बसला की पुढे क्यू कमी करणारा माणूस स्वतःच्या खिशातून चार मिनिटे देतो. म्हणजे क्यूचा आकडा ज्याच्या हातात, त्याच्या हातात आमचा इन्सेंटिव्हही आहे. ही गोष्ट कोणत्याही सर्क्युलरमध्ये लिहिलेली नाही.

आम्ही उत्तरात एकच मागणी ठळक केली. ज्या प्रोग्रॅमवर काम झाले त्याचा प्रिंटआउट आरोपपत्रासोबत द्या. प्रशासनाने तोंडी सांगितले की प्रोग्रॅम पुरवठादाराचा आहे. आम्ही लिहिले, प्रोग्रॅम पुरवठादाराचा असेल तर मोडलेले ड्रिलही पुरवठादाराचे. बरीच चालढकल झाली आणि शेवटी सेन्शुअर देऊन प्रकरण मिटवले. इन्क्रिमेंट वाचले, पण सर्व्हिस रेकॉर्डवर डाग राहिला. ज्याने आगाऊ सूचना दिली त्याच्या रेकॉर्डवर! पुढे महिन्याभराने क्यू गुपचूप बदलला गेला. कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, याची नोंद नाही.

इथपर्यंत दोष प्रशासनाचा. आता आमचा सांगतो, कारण तो न सांगता हा लेख लिहिणे बरोबर होणार नाही.

हे मशीन येण्याआधी शाखेच्या सभेत ठराव झाला होता की प्रोग्रॅमिंग हे सुपरवायझरचे काम आहे, आमच्या माणसांनी त्याला हात लावू नये. तो ठराव मांडणारे आम्हीच होतो. कारणे त्यावेळी खरी वाटली. जादा जबाबदारी, जादा पगार नाही. एकाने प्रोग्रॅम शिकला की तो तीन मशीन सांभाळेल आणि दोघे सरप्लस होतील. पदे कशी सरेंडर होतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे ही भीती खोटी नव्हती. पण परिणाम काय झाला? मशीन आले ते आलेच, पदे कमी व्हायची ती झालीच, आणि जे ज्ञान आमच्या माणसाच्या कानात व मनगटात होते त्याचा आकडा करण्याचे काम आम्ही स्वतःहून पुरवठादाराच्या आठ दिवसांच्या पाहुण्याला देऊन टाकले. चावी साहेबांनी खणात ठेवली खरी, पण कुलूप आम्ही लावून दिले होते.

हे भांडण आजचे नाही. असे आकड्यांवर चालणारे मशीन अमेरिकेत जन्मले. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करणारे जॉन पार्सन्स यांची कल्पना, हवाई दलाचा पैसा आणि एम.आय.टी. या संस्थेची प्रयोगशाळा. १९५२ साली तिथे पहिले मिलिंग मशीन चालवून दाखवले. पण त्याच्याही आधी, १९४६-४७ च्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरा रस्ता निघाला होता. कुशल मशीनिस्टने हाताने एक जॉब करायचा, मशीनच्या हालचाली टेपवर नोंदल्या जायच्या आणि पुढचे जॉब त्या टेपवर निघायचे. म्हणजे प्रोग्रॅमर तो मशीनिस्टच. हा रस्ता मागे पडला. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की आकड्यांचा रस्ता निवडला जाण्यामागे तांत्रिक कारणे होती तशीच कामावरचा ताबा शॉपमधून ऑफिसात नेण्याची इच्छाही होती. गुंतागुंतीचे वळण हाताने नोंदवणे अवघड, हे मान्य आहे. पण भोक पाडायला कसले आले उच्च गणित? त्याची सगळी बेरीज-वजाबाकी आम्ही वर केली, ती सातवीच्या मुलालाही जमेल.

उलट जर्मनीत १९८० च्या दशकात शॉपमध्येच, मशीनपाशीच प्रोग्रॅम करण्याच्या पद्धतीवर जाणीवपूर्वक काम झाले. आज असे कंट्रोल मिळतात जे अक्षरांऐवजी साध्या भाषेत विचारतात : खोली किती, टोचा किती, कमी किती करायचा. मशीन मशीनिस्टशी बोलू शकते. ते तसे मागवायचे की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि टेंडर काढताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही विचारत नाहीत.

काही तरुण साथी म्हणतील, आता सगळे सोपे झाले आहे, टोच्याची गरजच नाही. त्यांचे अर्धे बरोबर आहे. ज्या कार्बाइड ड्रिलच्या पोटातून दाबाने कूलंट येते, ते व्यासाच्या वीस पट खोल भोकही एका दमात पाडते; तिथे टोचे मारले तर उलट धार उडते. पण त्यालाही रीत आहे. आधी आखूड ड्रिलने मार्गदर्शक भोक घ्यायचे, लांब ड्रिल त्यात मंद फेऱ्यांवर घालायचे, मग कूलंट सोडून फेरे वाढवायचे. लांब ड्रिल हवेत पूर्ण वेगाने फिरवले तर ते चाबकासारखे फटकारते. तेव्हा "खोल भोक म्हणजे जी ८३" हे पाठ करून चालत नाही. धातू कोणता, ड्रिल कोणते, धार कशी, कीस निळा पडतोय की पांढरा, लोडचा काटा कुठे आहे, हे बघून ठरवावे लागते. हे बघणारा माणूस मशीनसमोर उभा असतो. केबिनमध्ये कीस दिसत नाही.

पोस्टातील साथींना आता आम्ही काय म्हणतो ते कळले असेल. १९९३ साली मुंबईत टपाल वर्गीकरणाचे स्वयंचलित यंत्र आले. त्याआधी आर.एम.एस.च्या सॉर्टरला शेकडो गावे आणि त्यांच्या लाइनी तोंडपाठ असत. आज काउंटरवर स्क्रीन अडकला की शिव्या कोण खातो? ज्याने सॉफ्टवेअर केले तो नाही. खिडकीत बसलेला खातो. आणि ग्राहकाला काय अडचण येते हे त्याच खिडकीतल्या माणसाला सर्वांत आधी कळते, पण त्याच्याकडेही चावी नसते.

यास्तव आम्ही जुना ठराव मागे घेण्याचा ठराव पुढील सभेत मांडणार आहोत. विरोध होईल, व्हावा. प्रशिक्षित मशीनिस्टला प्रोग्रॅममध्ये क्यू, फीड आणि फेरे बदलण्याचा लेखी अधिकार हवा आणि प्रत्येक बदल त्याच्या सहीने रजिस्टरमध्ये उतरायला हवा. सही म्हटल्यावर काही साथी दचकतात. पण सही नसताना चार्जशीट आमच्यावर आलेच ना? सही असेल तर निदान आपले म्हणणेही कागदावर राहील. अधिकारासोबत ग्रेड हवी. फुकटची जबाबदारी घेणार नाही, इथे आम्ही जुन्या ठरावाला धरून आहोत. मशीन खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे की प्रोग्रॅम रेल्वेच्या मालकीचे आहेत व त्यांची प्रत शॉपमध्ये राहील. नाही तर प्रत्येक आकड्यासाठी ए.एम.सी.वाल्याची वाट बघावी लागते. रेट बसवताना पुरवठादाराच्या प्रात्यक्षिकाचा वेळ धरू नये. मशीनिस्टने सहीने कायम केलेल्या प्रोग्रॅमचा धरावा. आणि प्रशिक्षण बेसिक ट्रेनिंग सेंटरच्या फळ्यावर दोन दिवस देऊन भागणार नाही. मशीनवर, भंगारातल्या तुकड्यावर, चार-सहा ड्रिल मोडू देऊन द्यावे. ड्रिल मोडल्याशिवाय आवाज ओळखता येत नाही, हे आमच्या त्याच साथीचे म्हणणे.

तो साथी येत्या वर्षी रिटायर होतो आहे. सध्या दर शनिवारी ड्युटी संपल्यावर युनियन ऑफिसात सात-आठ तरुण पोरांना घेऊन बसतो. वही-पेन्सिल, एक मोडके ड्रिल आणि रजेचा तोच फॉर्म, ज्याच्या पाठीमागे त्याने आम्हांला शिकवले होते. सर्व जी कोड, टोच्याचा हिशेब आणि उतरत्या टोच्याचा मॅक्रो त्याने मराठीत चार पानांवर लिहून दिला आहे. झाशी, इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, कुठल्याही शॉपमधल्या मराठी साथींना ती पाने हवी असल्यास शाखा सचिवामार्फत आमच्याकडे मागणी पाठवावी. झेरॉक्स करून पाठवू. मागणीसोबत आपल्या मशीनचा कंट्रोल कोणता आहे आणि चावी सध्या कोणाकडे आहे, हे दोन्ही लिहावे.